बुरशी, घरातील (नाशिक परिसर)

भिंती, छत, लाकूडसामान, चामडे, कापड व कागद यांवर ओलाव्याच्या आधाराने वाढणाऱ्या तंतुमय कवकांना घरातील बुरशी म्हणतात. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस व पेनिसिलियम या प्रजाती त्यांत विशेष आढळतात. त्यांची बीजुके, म्हणजे ज्यांपासून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, हवेत बारमाही असतात. त्यामुळे ती घराबाहेर ठेवता येत नाहीत, मात्र पृष्ठभाग ओला राहिल्याशिवाय ती रुजतही नाहीत.

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीलगतच्या इगतपुरीला वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक, तर शहरात साधारण ७०० मिमी. पाऊस पडतो. तथापि जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवा व झिमझिम दिवसेंदिवस टिकते आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेले बाष्प, बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास राहते. त्यातच कपडे घरात वाळत घातले जातात आणि भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हवा खेळत नाही. नदीकाठच्या सराफ बाजार, भांडी बाजार या भागांत गोदावरीच्या पुराची भर पडते. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी शिरले होते.

भिंतीवरील प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. जुन्या वाड्यांच्या जोत्यालगत दिसणारा पांढरा, भुरभुरीत थर बहुधा लोणा असतो : जमिनीतून चढलेली ओल सुकताना विटांतील व चुन्यातील क्षार वर येऊन साचतात आणि पाण्याच्या थेंबात बहुतांशी विरघळतात. बुरशी तशी विरघळत नाही; ती काळपट वा हिरवट ठिपक्यांनी पसरते आणि कुबट वास देते. ओल कोठून येते हे ठरवण्यासाठी भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा; त्याच्या मागील बाजूस पाणी जमल्यास ओल भिंतीतून येते, खोलीकडील बाजूस जमल्यास ती हवेतली असते. पहिल्या प्रकारात गच्चीचा कोबा, नळाची गळती किंवा बाहेरच्या गिलाव्यातील भेगा तपासाव्या लागतात. बुरशीची जात प्रयोगशाळेत ओळखून घेण्याची सहसा गरज नसते, कारण उपाय त्याने बदलत नाही.

सुमारे एक चौरस मीटरपर्यंतचा डाग कठीण पृष्ठभागावर असल्यास साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडा करावा. या वेळी एन-९५ मुखपट्टी व हातमोजे वापरावेत आणि कोरडी बुरशी झाडूने झटकू नये, कारण त्याने बीजुके खोलीभर उडतात. ब्लीच वापरल्यास ते ॲसिड किंवा अमोनियायुक्त द्रव्यात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. भिजून बुरसटलेल्या गाद्या व प्लायवुड टाकून देणेच बरे. द्राक्षबागांमुळे भुरी व केवडा हे बुरशीजन्य रोग आणि त्यांवरील फवारण्या जिल्ह्यात परिचित आहेत. पण शेतीची ही बुरशीनाशके घरात वापरण्यासाठी नसतात. धूप-उदाने फक्त वास झाकला जातो.

दसरा-दिवाळीपूर्वी रंग काढण्याची प्रथा या बाबतीत अडचणीची ठरते. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने गिलाव्यात पाणी शिल्लक असते, आणि त्यावर ऑइलपेंटसारखा बाष्प अडवणारा थर चढवला की ते आतच कोंडते व पुढल्या आषाढापर्यंत पोपडे सुटू लागतात. नाशिकचा हिवाळा कोरडा असल्याने जानेवारीनंतरचे रंगकाम अधिक टिकाऊ होते. चुन्याचा हात दिलेल्या भिंतीत हवा व बाष्प खेळते राहते, शिवाय ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी रुजत नाही.

बुरशीमुळे शिंका, खोकला व दमा बळावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कोविड साथीत २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेला म्युकरमायकोसिस हा प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्यांना होणारा वेगळा रोग असून भिंतीवरचे काळे डाग हे त्याचे लक्षण नव्हे. मात्र अशा रुग्णांनी, तसेच दमेकऱ्यांनी, साफसफाईच्या वेळी त्या खोलीत थांबू नये.