गळ्यातला चाकू आणि 5300 वर्षांपूर्वीचं म्यान

कायम अंगावर बाळगायचा छोटा चाकू ही आजची टूम नव्हे. 1991 साली इटली-ऑस्ट्रियाच्या हद्दीवर, आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं शव सापडलं. त्याला ओट्झी म्हणतात. माणूस सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा. त्याच्यापाशी चाकू होता, जेमतेम 13 सेंटिमीटरचा. पातं चकमकीच्या दगडाचं, मूठ लाकडाची, मुठीच्या टोकाला दोरी. म्यान झाडाच्या सालीचा वाख काढून विणलेलं. धार काढायला लाकडात बसवलेलं शिंगाचं टोकसुद्धा सोबत. म्हणजे पातं, मूठ, म्यान, दोरी, धारेचं साधन. आज चाकू करवून घेतानाही हाच हिशोब.

त्याचं म्यान कमरेला अडकवायचं होतं. आपल्या कोकणातली कोयतीसुद्धा कमरेच्या आकडीलाच असते. गळ्यात घालायचा तर दोन गोष्टी बदलतात. चाकू उलटा लटकतो, म्हणून म्यान इतकं घट्ट पाहिजे की हिसका बसला तरी पातं निसटू नये. दुसरी दोरी. मळणीयंत्राजवळ गळ्यातली पक्की दोरी म्हणजे फासच. झटक्यासरशी तुटेल अशीच दोरी घ्या, अन् फिरत्या यंत्रापाशी जाताना चाकू गळ्यातून काढूनच ठेवा.