पिसाचा दीड वेढा

मासे धरणे म्हटले की आपल्याला जाळे आठवते, नाहीतर काठीला बांधलेला गळ आणि त्याला टोचलेले गांडूळ. सांगलीत कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला याहून वेगळे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गळाला रेशीम आणि पीस बांधूनही मासा फसवता येतो, हे मी पन्नाशी उलटल्यावर पाहिले. तेही इंग्लंडात, लेकीच्या घरी.

लेक लीड्सजवळ राहते. तिच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. लोकरीच्या गिरणीत त्यांची हयात गेली. एका पावसाळी दुपारी (त्या गावात मला दुसऱ्या प्रकारची दुपार फारशी भेटली नाही) त्यांनी चहाला बोलावले. टेबलाच्या कडेला एक छोटा व्हाइस बसवला होता आणि त्यात नखाएवढा गळ पकडला होता. त्यांनी त्यावर नारिंगी रेशीम गुंडाळले, तितराचे ठिपकेदार तपकिरी पीस डोक्याशी बांधले, त्याचे दोन वेढे घेतले आणि गाठ मारली. झाली म्हणे माशी! ना पंख, ना डोळे. मी मनात म्हटले, याला कोण फसणार?

त्यांनी ती काचेच्या पेल्यात, पाण्यात सोडली. पिसाचे तंतू हलकेच उघडले, मिटले, पुन्हा उघडले. चकचकीत नारिंगी रेशीम भिजून विटेच्या रंगाचे झाले. पेल्यात काहीतरी जिवंत आहे असे वाटू लागले.

यातली गोम अशी आहे. नदीतल्या पुष्कळशा माश्या आपले बालपण पाण्याखाली काढतात. मोठे होण्याची वेळ आली की त्या वर येतात, आणि पृष्ठभागाशी येऊन जुनी कात टाकताना काही क्षण अडकतात. ट्राउट मासा नेमका त्याच क्षणी त्यांना टिपतो. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस पाण्यावर तरंगते, पण तितराचे मऊ पीस बुडते आणि प्रवाहात हलते. म्हणून या माशीला मऊ पिसाची, ओली माशी म्हणायचे.

ही विद्या किती जुनी? इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने ग्रीक भाषेत लिहून ठेवले आहे की, मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधतात. इंग्लंडात १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध छापला. त्यात मार्च ते ऑगस्टसाठी बारा माश्यांची कृती आहे, आणि पहिलीच माशी करड्या लोकरीची व तितराच्या पिसाची आहे. हा प्रबंध ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने लिहिला असे शतकानुशतके सांगत आले. छापलेल्या प्रबंधावर मात्र लेखकाचे नावच नाही. कुणाचे तरी नाव असले म्हणजे वाचणाऱ्यांना बरे वाटते, एवढेच.

नाव नसणे हीच या कारागिरीची रीत दिसते. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांचे पुस्तक १८५७ सालचे. त्यांच्या ‘स्पायडर’ माश्या आजही त्यांच्याच नावाने चालतात. पण काळी माशी आपल्याला जेम्स बेली या माणसाने दाखवली, हे त्यांनी त्याच पुस्तकात मोकळेपणाने सांगितले आहे. हा बेली मासे पकडून पोट भरणारा माणूस. त्याने पुस्तक लिहिले नाही. स्ट्युअर्ट प्रामाणिक निघाले म्हणून निदान एक नाव उरले. बाकीचे गेले.

यॉर्कशायरच्या दऱ्यांतून वाहणाऱ्या व्हार्फसारख्या नद्यांवर या माश्या पिढ्यान्पिढ्या बांधल्या जात होत्या. टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये त्यांचे पुस्तक केले. मला भुरळ पडली ती नावांची. पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल: तितर आणि नारिंगी, पाणलावा आणि जांभळा. नाव घेतले की कृती सांगून झाली, वर एक अक्षर नको. वॉटरहेन ब्लोआमधली वॉटरहेन म्हणजे आपली पाणकोंबडी. ‘ब्लोआ’ हा शब्द शेजाऱ्यांनी मला आपल्या दंडावरचा मुका मार दाखवून समजावला. शिशासारखा काळानिळा रंग. त्या भागातल्या बोलीने तो जपून ठेवला आहे. पुढे १९१६ साली ब्रॅडफर्डच्या एडमंड्स आणि ली या जोडीने आपल्या पुस्तकाच्या मोजक्या प्रतींमध्ये खरी पिसे आणि खरे रेशीमच लावून दिले. रंग शब्दांत सांगता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. कवीला हे कबूल करायला जड जाते.

मधल्या काळात तरंगणाऱ्या कोरड्या माशीचे अभिमानी ओल्या माशीला कमी लेखत. तो वाद मोठा आहे, इथे नको. अमेरिकेत जेम्स लायझनरिंग या कारागिराचे पुस्तक १९४१ मध्ये निघाले आणि महायुद्धाच्या गडबडीत मागे पडले. १९७५ मध्ये सिल्व्हेस्टर नेम्स यांनी मऊ पिसाच्या माशीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा तिकडच्या अनेकांना ती नवीन वाटली!

मी शिकायला बसलो. पहिल्या दिवशी रेशीम चार वेळा तुटले. दुसऱ्या दिवशी गळाचे भोकच गाठीखाली बुजले. तिसऱ्या दिवशी माशी जमली, पण पिसाचे पाच वेढे पडले होते. शेजाऱ्यांनी ती पाण्यात बुडवली. तंतूंचा नुसता गोळा झाला. त्यांनी ब्लेडने सगळे कापून गळ मोकळा केला आणि म्हणाले, “दीड वेढा पुरे.” विशेषणे वाढवायची माझी सवय त्यांना कुणी सांगितली होती कोण जाणे.

चौथ्या दिवशी त्यांनी चांभारी मेणाचा खडा हातात दिला. धागा अंगठ्याखाली मेणावर दाबायचा आणि सर्रकन ओढायचा. तो आवाज ऐकला आणि माझा हात थांबला.

माझे वडील रफूगार होते. कोटाला भोक पडले की ते त्याच कोटाच्या शिलाईच्या आतून धागे काढायचे आणि भोकावर असे विणायचे की गिऱ्हाईक उजेडात धरून शोधत बसे. सुतीला मेण लावताना हाच सर्रकन आवाज यायचा. मी बी.ए. झालो, कविता छापून येऊ लागल्या. दुकानात बसायची मला लाज वाटे. “निदान बघून तरी ठेव,” अब्बा एकदा म्हणाले होते. मी बघितले नाही. ते गेले आणि दुकानही गेले. शेजाऱ्यांना यातले मी काही सांगितले नाही. माझे इंग्रजी तेवढे चालत नाही.

सांगलीला परतताना त्यांनी मूठभर गळ आणि रेशमाची दोन रिळे दिली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने तितर आणि पाणलाव्याच्या शिकारीला बंदी आहे, ते योग्यच आहे. चिकनवाला कोंबडीच्या मानेची मऊ पिसे फुकट देतो. कृष्णेत ट्राउट नाही. इंग्रजांनी तो काश्मीरात आणि निलगिरीत आणून सोडला, इथे नाही. त्यामुळे माझ्या माश्या अब्बांच्या सुयांच्या डबीत पडून असतात. त्याच डबीत त्यांच्या मेणाचा तुकडा आहे, धाग्यांच्या खाचा पडलेला. अब्बा मेण लावायचे ते धागा तोडण्याआधी की तोडल्यानंतर, हे मला आठवत नाही. घरात आता विचारावे असे कुणी उरलेले नाही.