अल्पशक्ती संगणक आणि पार्लरमधले जुने खेळ : काळेवाडीच्या निमित्ताने एक विचार

१

पिंपरी-चिंचवड परिसराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः कारखान्यांवर खिळलेली असते, आणि ते स्वाभाविकही आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. या चार सनांवर या भागाच्या इतिहासाची चौकट सहज उभी करता येते. परंतु पाळी संपल्यावर कामगार ज्या वस्तीत परततो, त्या वस्तीतील करमणुकीला या चौकटीत जागा मिळत नाही. पिंपरीसमोर पवनेच्या पलीकडे वसलेली काळेवाडी ही अशीच एक वस्ती होय. अशा वस्त्यांतील घरांत आज एखाद्या स्वस्त, मर्यादित शक्तीच्या संगणकावर व्हिडिओ गेम पार्लरमधले जुने खेळ पुन्हा चालू झालेले आढळतात. हा केवळ स्मरणरंजनाचा प्रकार मानून सोडून द्यावा असा नाही. स्वस्त संगणकाने या खेळांचे नेमके काय जपले आणि काय त्याच्या हातून निसटले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथमतः एक गैरसमज दूर करावयास हवा. अल्पशक्ती यंत्र म्हणजे उणे यंत्र, अशी आपली समजूत असते. या खेळांचा जन्मच मुळी अल्पत्वातून झाला आहे. १९७८ मध्ये जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यातील शत्रूंची रांग विरळ होत जाते तसतसा तिचा वेग वाढतो. हा वेग आधी योजलेला नव्हता. चित्रे कमी झाली की प्रोसेसरवरचा भार हलका होई आणि उरलेली चित्रे भराभर सरकत. निशिकादोंनी ही यंत्राची मर्यादा तशीच ठेवली आणि तोच खेळाचा नियम ठरला. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये पातळीचा आकडा एकाच बाइटमध्ये साठविलेला असल्यामुळे २५६ व्या पातळीला पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटतो. पहिल्या उदाहरणात मर्यादेतून नियम निर्माण झाला, तर दुसऱ्यात मर्यादेने खेळाचा शेवट ठरविला.

१९८३ मध्ये निन्टेंडोने काढलेल्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्राची मुख्य कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट होती. तेवढ्या जागेत पार्लरमधला खेळ मावत नसे. तो घरात यावयाचा तर त्याचा संक्षेप करणे भाग होते. ‘कॉन्ट्रा’ हा खेळ पार्लरसाठी १९८७ मध्ये निघाला आणि फॅमिकॉमसाठी १९८८ मध्ये. दोहोंचे नाव एक असले तरी चित्रे, रचना आणि गती भिन्न आहेत. आपल्याकडील घराघरांत पोहोचलेला ‘कॉन्ट्रा’ म्हणजे ही दुसरी, घरगुती आवृत्ती होय.

३

भारतात संगणक घराच्या आधी शाळेत आला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या संगणक-साक्षरतेच्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ निवडण्यात आला होता. त्याचा प्रोसेसर ६५०२. फॅमिकॉमचा प्रोसेसरही याच कुळातला. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या ‘स्पेक्ट्रम’ची परवानाधारक आवृत्ती भारतीय बाजारात आणली. तथापि कामगारवर्गाच्या घरापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचली ती नव्वदच्या दशकातील फॅमिकॉम-पद्धतीची यंत्रे. ‘समुराई’ आणि ‘लिट्ल मास्टर’ ही त्यांतील परिचित नावे. या पद्धतीची पुष्कळ यंत्रे मूळ निर्मात्याच्या परवान्यावाचून तयार झालेली होती.

या यंत्रांचा लेखी इतिहास तुटपुंजा आहे. बोलीत मात्र तो शिल्लक आहे. खेळ साठविलेल्या पेटीला आपल्याकडे सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. वस्तुतः त्या पेटीत फीत नसते, असते ती चिप. परंतु गाण्यांची आणि चित्रपटांची कॅसेट घरात आधीच येऊन बसली होती. यंत्राच्या खाचेत सरकवावयाच्या नव्या वस्तूला तोच शब्द चिकटला. ‘टीव्ही गेम’ हा शब्दही असाच बोलका आहे. त्याला स्वतंत्र पडदा नाही, घरातल्या एकुलत्या टीव्हीवर त्याला जागा मागावी लागते, ही सारी कौटुंबिक परिस्थिती त्या जोडशब्दात सामावली आहे.

याहून उद्बोधक उदाहरण ‘मुस्तफा’चे. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ मधील या खेळाचे अधिकृत नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. खेळाडूने निवडावयाच्या चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा. पडद्यावरील लांबलचक इंग्रजी नाव बाजूला पडले आणि भारतभरच्या पार्लरांत खेळालाच ‘मुस्तफा’ म्हणू लागले. अधिकृत नाव घेऊन चौकशी करणाऱ्या संशोधकाला म्हणूनच येथे फारसे काही हाती लागणार नाही.

४

आता स्वस्त संगणकाकडे वळू. जुना खेळ नव्या संगणकावर चालतो तो ‘एम्युलेटर’च्या आधारे, आणि एम्युलेटर म्हणजे तत्त्वतः दुभाष्याच होय. जुन्या प्रोसेसरच्या भाषेतील प्रत्येक आज्ञा तो वाचतो, नव्या प्रोसेसरच्या भाषेत तिचा अर्थ लावतो आणि ती पार पाडतो. मूळ वक्ता एक वाक्य बोलतो तेवढ्या वेळात दुभाष्याला ऐकणे, समजणे आणि बोलणे ही तिन्ही कामे उरकावयाची असतात. म्हणून त्याला मूळ यंत्राच्या अनेक पट वेग लागतो. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये पार्लरमधील खेळांसाठी ‘मेम’ हा असा दुभाष्या प्रसिद्ध केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा ३५ डॉलरचा, एका पटलावरचा संगणक विक्रीस आला. त्याचा वेग ७०० मेगाहर्ट्झ आणि मेमरी २५६ मेगाबाइट, म्हणजे फॅमिकॉमच्या कार्यस्मृतीच्या १,३१,०७२ पट. ‘पॅक-मॅन’चा प्रोसेसर सुमारे ३ मेगाहर्ट्झ वेगाचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे अल्पमोली यंत्राला दुभाष्याचे काम का झेपले ते कळते. या नव्या पटलाचा ‘आर्म’ जातीचा प्रोसेसर मुळात एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये सिद्ध केला होता. शाळेतला बीबीसी मायक्रो आणि घरातली रास्पबेरी पाय यांचे नाते असे जवळचे आहे.

हे पटल हाताशी असले की उरते ते कारागिरीचे काम : प्लायवूडची पेटी, पत्र्याचा कापीव तुकडा, जॉयस्टिक, बटणे आणि तारांची जोडणी. पटलावरील पिनांना बटणांच्या तारा थेट जोडता येतात. फिटर आणि वायरमन यांच्या वस्तीत या हुन्नराची वाण नसते.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित असलेला एक प्रश्न उभा राहतो, तो पाठाचा. ‘मेम’चे कर्ते वेगापेक्षा अचूकतेला प्राधान्य देत गेले, त्यामुळे त्याची प्रत्येक नवी आवृत्ती अधिक शक्ती मागू लागली. अल्पशक्ती संगणकांवर म्हणून २००० किंवा २००३ च्या सुमाराच्या जुन्या आवृत्त्याच वापरतात, आणि खेळाची प्रतही त्या आवृत्तीशी जुळणारी लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो प्रतींमध्ये अपपाठ शिरले होते म्हणून. येथेही मूळ प्रत, अनधिकृत प्रत आणि सुधारलेली प्रत असे पाठभेद आहेत. ‘मुस्तफा’ खेळलो असे कोणी सांगितले, तर कोणत्या प्रतीवर आणि कोणत्या दुभाष्याच्या मदतीने, हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

५

या जतनाला कायद्याची बाजूही आहे. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात संगणकीय आज्ञावलीची गणना साहित्यकृतींत होते. या खेळांचे हक्क आजही अबाधित आहेत. तेव्हा परवान्यावाचून केलेली प्रत हा हक्कभंगच होय. दुसरीकडे मूळ यंत्रे झपाट्याने नष्ट होत आहेत. कॅपकॉमच्या त्या काळातील काही पटलांत सांकेतिक लिपी उलगडण्याची किल्ली विद्युतघटाच्या आधारे राखलेली असे. घट संपला की किल्ली पुसली जाई आणि पटल मुके होई. आपल्याकडील पटले तर बहुधा भंगारातच गेली. मालकाने जपले नाही आणि जपणाऱ्याला अधिकार नाही, अशी ही कोंडी आहे. ती सोडविणे इतिहासकाराच्या हाती नाही. परंतु तिची नोंद न करता ‘जतन’ हा शब्द वापरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तथापि माझ्या मते खरी हानी आणखी वेगळी आहे. पार्लरमधला खेळ नाण्यासाठी रचलेला होता. खेळाडू लवकर हरला तरच दुसरे नाणे पडे. खेळाचा अवघडपणा हा धंद्याच्या हिशोबातून आला होता. खिशात एकच नाणे असलेला मुलगा, त्याच्या खांद्यावरून वाकून पाहणारी आणि न मागता सल्ला देणारी मंडळी, हे सारे त्या रचनेचे अंग होते. ‘मेम’मध्ये नाण्याच्या जागी कळफलकावरील ५ हा आकडा असतो. तो हवा तितक्या वेळा दाबता येतो. आज्ञावली अक्षरशः तीच राहते, पण हरण्याची किंमत नाहीशी होते. आणि किंमत गेली की तोच खेळ वेगळ्या अर्थाने खेळला जातो. दुभाष्याने शब्दांचा अर्थ सांगितला, प्रसंग त्याला सांगता आला नाही.

प्रसंगाची साधने अन्यत्र शोधावी लागतील. व्हिडिओ गेम हे १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याच्या कक्षेत होते, तेव्हा शासकीय दप्तरांत पार्लरांचा काही माग लागण्याचा संभव आहे. परंतु मुख्य साधन म्हणजे माणसांच्या आठवणी. नव्वदच्या दशकात पार्लरच्या दारात उभी असलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांचे शब्द, त्यांनी खेळांना दिलेली नावे, नाण्यांचे हिशोब आणि घरची बोलणी आजच टिपून घेतली पाहिजेत. काळेवाडीतल्या घरात पेटी जोडून बसलेला गृहस्थ आपल्या मुलाला खेळ दाखविताना जे सांगतो, ते त्या संगणकात कोठेही साठविलेले नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वही घेऊन जावे ते त्याच्याकडे.