दोन बादल्या

हॉस्टेलवर आल्यापासून मी भलतीच पर्यावरणवादी झाले होते. कापडी पिशवी, स्टीलची बाटली, कँटीनमध्ये स्वतःचा डबा... आईला फोनवर अगदी कौतुकाने सांगायचे. कचरा मात्र सगळा एकाच बादलीत!

परवा कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी माझ्यासमोरच ती बादली उपडी केली आणि आमटीने बरबटलेले कागद हाताने वेगळे काढायला लागल्या. "कोरडे असते तर विकले गेले असते गं," एवढंच म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग जरा वाचत बसले. इथे पुण्यातच १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या आणि बाबा आढाव त्यांच्यासोबत होते. उकिरड्यात हात घालायला लागू नये, कचरा दारातच वेगळा करून मिळावा आणि या कामाला काम म्हणावं, ही त्यांची मागणी. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली.

म्हणजे ओला-सुका हा माझा छंद नव्हेच. ते कुणीतरी भांडून मागितलेलं आहे.

आता खोलीत दोन बादल्या आहेत. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते, रूममेट हसते. आज्जी, तू रद्दी घडी घालून का ठेवायचीस, ते आत्ता कळतंय.

मावशी काही बोलल्या नाहीत. बादली उपडी करत नाहीत, एवढंच.