चाकोरी आणि चाक : आडवाटेच्या ट्रकसाठी टायरची रुंदी कशी ठरत गेली

पक्की सडक सोडून चिखल, वाळू किंवा बर्फातून माल नेणाऱ्या ट्रकला अरुंद टायर बसवावा की रुंद, हा वाद मोटारवाहनाइतकाच जुना असून दोन्ही पक्षांचे दाखले खरे आहेत. अरुंद टायर वरचा मऊ थर कापत खालच्या टणक थरापर्यंत उतरतो आणि तिथे पकड मिळवतो, तर रुंद टायर भार पसरवून मऊ थराच्या वरच राहतो. या वादाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, ज्या प्रदेशात जो टायर रूढ झाला तो तिथल्या जमिनीच्या घडणीमुळे झाला, आणि रुंदीचा म्हणून मानला गेलेला बराचसा गुण प्रत्यक्षात टायरमधील हवेच्या दाबाचा व चाकाच्या व्यासाचा होता.

रबरी टायर येण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न कायद्याच्या दारात पोहोचला होता. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जड मालगाड्यांच्या अरुंद लोखंडी धावा, म्हणजे लाकडी चाकावर चढवलेले लोखंडी पट्टे, पथकराच्या रस्त्यांवर खोल चाकोऱ्या पाडत असत. म्हणून १७५३च्या कायद्याने अशा रस्त्यांवर जाणाऱ्या मालगाड्यांची चाके किमान ९ इंच रुंद असावीत असे बंधन घातले आणि पुढे रुंद चाकांना पथकरात सवलतीही मिळाल्या. रुंद चाक रस्ता दाबून सपाट करील अशी अपेक्षा होती. परंतु त्या काळची बरीच रुंद चाके शंकूच्या आकाराची असल्यामुळे त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांचा घेर सारखा नसे, परिणामी चाक फिरताना त्याचा काही भाग घासत जाई आणि रस्त्यावरचे दगड भरडले जात. खडीच्या रस्त्यांचा पुरस्कर्ता जॉन लाउडन मॅकअ‍ॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या विचाराची दिशाच उलटवली आणि वाहतुकीला रस्त्याच्या सोयीने वळवण्यापेक्षा वाहतूक पेलणारा रस्ता बांधावा, अशी भूमिका मांडली. युरोपातील पुढच्या रस्तेबांधणीने हीच दिशा धरल्यामुळे चाकाच्या रुंदीचा प्रश्न मुख्य सडकेवरून हटला आणि जिथे रस्ताच नव्हता तिथे तो शिल्लक राहिला.

स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले असले तरी असा टायर व्यवहारात रुळला तो जॉन बॉइड डनलॉप याच्या १८८८च्या सायकल-टायरनंतर. सुरुवातीचे मोटारटायर अरुंद होते आणि त्यांत हवा कडक भरावी लागे. १९०८मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या मागच्या टायरचा व्यास ३० इंच आणि रुंदी अवघी साडेतीन इंच होती, तर हवेचा दाब चौरस इंचाला ६० पौंडांच्या घरात असे. तरीही अमेरिकेच्या ग्रामीण भागातील कच्च्या रस्त्यांवर ही गाडी यशस्वी ठरली, कारण पावसानंतर त्या रस्त्यांवरचा वरचा थर चिखलाचा होत असला तरी वर्षानुवर्षे घोडागाड्यांखाली दबलेली जमीन त्याच्या खाली टणक राहत असे. उंच आणि अरुंद चाक तिथवर सहज उतरे आणि हलक्या गाडीचे पोट चिखलाला टेकण्याआधी त्याला आधार सापडे. अरुंद टायरची बाजू घेणारी परंपरा अशा जमिनीवर रुजली.

वाळवंटात हा आधार नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१६नंतर, ब्रिटिश सैन्याच्या ‘लाइट कार पेट्रोल’ तुकड्यांनी इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात मॉडेल टी गाड्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या; गोट्यांच्या आणि रेतीच्या टणक मैदानांवर त्या चांगल्या चालल्या, परंतु मोठ्या टेकड्यांचा वाळूचा प्रदेश मोटारींना अगम्यच समजला जाई. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९२९ आणि १९३०मध्ये फोर्डच्या गाड्या घेऊन या ‘ग्रेट सँड सी’मध्ये मोहिमा केल्या, तेव्हा टायरमधली हवा कमी केली की वाळूत रुतणारी गाडी पुढे सरकते, रुतलेल्या चाकाखाली पन्हळीसारखे लोखंडी पत्रे सारले की ती बाहेर निघते आणि वाऱ्याने दाबून बसवलेला उतार व ढासळती बाजू यांतला फरक ओळखता आला की टेकडीही ओलांडता येते, हे व्यवहारात सिद्ध झाले. बॅग्नॉल्डने १९३५मध्ये या प्रवासांवर आणि १९४१मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४०मध्ये कैरो येथे त्याने उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या टेहळणी दलाने शेव्हरोलेचे दीड टनी ट्रक घेतले, ज्यांना फक्त मागच्या चाकांची ओढ असूनही साडेदहा इंच रुंदीचे कमी दाबाचे टायर, लोखंडी पत्रे आणि अनुभवी चालक यांच्या बळावर शत्रूच्या पिछाडीस शेकडो मैलांच्या फेऱ्या करता आल्या.

या यशाचे श्रेय पुष्कळदा नुसत्या रुंदीला दिले जाते, म्हणून टायर जमिनीवर कसा टेकतो हे पाहणे आवश्यक आहे. टायरचा जो भाग एका क्षणी जमिनीला लागलेला असतो त्याला संपर्कक्षेत्र म्हणतात, आणि टायरच्या भिंतींचा ताठपणा वगळला तर या क्षेत्राचे आकारमान भार व हवेचा दाब यांच्या भागाकाराने ठरते. एका चाकावर १,००० किलो भार असून दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल तर टायर सुमारे २०० चौरस सेंटिमीटर टेकेल, मग तो अरुंद असो वा रुंद. फरक इतकाच की अरुंद टायरचे संपर्कक्षेत्र लांबट असेल आणि रुंद टायरचे आखूड पण पसरट. दाब १ किलोवर आणला तर तेच क्षेत्र १,००० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि टायरच्या रुंदीला मर्यादा असल्यामुळे ही वाढ मुख्यतः लांबीत होते. रुंद टायरचा खरा लाभ असा की, त्यात हवेचे आकारमान अधिक असल्याने तोच भार तो कमी दाबावर पेलू शकतो. दाब न घटवता केवळ रुंदी वाढवली तर जमिनीवरचा ताण फारसा उतरत नाही, उलट चाकापुढे ढकलल्या जाणाऱ्या मातीचा किंवा वाळूचा पट्टा मात्र रुंद होतो.

हवा कमी करण्याला दोन अडचणी होत्या. टणक रस्त्यावर मऊ टायर वेगाने चालवला की त्याच्या भिंती वारंवार वाकून तापतात व फाटतात, आणि फार कमी दाबावर टायरची कड रिमवरून निसटू शकते. त्यामुळे वाळू संपताच पुन्हा हवा भरणे भाग पडे. यावर मोठा तोडगा दुसऱ्या महायुद्धात निघाला. अमेरिकेने १९४२मध्ये जनरल मोटर्सच्या अडीच टनी ट्रकवरून ‘डक’ हे जमीन आणि पाणी दोन्हींवर चालणारे वाहन तयार केले. मूळ ट्रकच्या मागील आसांवर साडेसात इंची टायरांच्या जोड्या होत्या, तर डकला सर्वत्र ११ इंच रुंदीचे एकेरी टायर होते आणि चालकाला आपल्या जागेवरून, वाहन चालू असताना, त्यांतील दाब बदलता येत असे. किनाऱ्यावर उतरताना ओल्या वाळूसाठी मऊ आणि पुढच्या सडकेसाठी कडक, असे एकाच टायरचे दोन उपयोग करणे त्यामुळे शक्य झाले.

डकच्या धर्तीवर सोव्हिएत संघाने झिस-४८५ हे वाहन घडवले आणि तिथून ही दाबनियंत्रणाची युक्ती ट्रकमध्ये आली. १९४८पासून बनलेल्या झिस-१५१ या ट्रकला पुढे एकेरी आणि मागे दुहेरी टायर होते; कागदावर मागची एकूण रुंदी अधिक असल्यामुळे तो चिखलात सरस ठरायला हवा होता, परंतु पुढच्या चाकांनी पाडलेली चाकोरी मागच्या जोडचाकांना पुरत नसे, त्यांना कोऱ्या चिखलात नवा पट्टा दाबत जावे लागे आणि जोडीच्या फटीत माती व दगड अडकत. १९५८मध्ये त्याची जागा घेणाऱ्या झिल-१५७ला सहाही ठिकाणी १२ इंच रुंदीचे एकेरी टायर आणि चालकाच्या हाती दाबनियंत्रण देण्यात आले, त्यामुळे मागची चाके पुढच्यांनी दाबलेल्या चाकोरीतूनच जाऊ लागली आणि टायरांची संख्या दहावरून सहावर येऊनही ट्रक आडवाटेवर अधिक समर्थ झाला.

याच सुमारास मूळचे पोलंडचे अभियंते मिएचिस्वाव बेकर यांनी या अनुभवांना गणिताची चौकट दिली. १९५६मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूचलनशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी चाक किती रुतेल हे भार, संपर्कक्षेत्राचा आकार आणि मातीचे मोजता येणारे गुण यांच्या संबंधातून मांडले. मऊ जमीन दाबत चाकोरी पाडण्यातच चाकाची बरीच शक्ती खर्च होते, आणि समान क्षेत्रफळ असेल तर लांब व अरुंद ठसा आखूड व रुंद ठशापेक्षा कमी रोध निर्माण करतो, असा त्यातून निष्कर्ष निघतो; मोठ्या व्यासाच्या चाकांचा आणि रणगाड्यांच्या लांब पट्ट्यांचा गुण यातून उलगडतो. १९७१मध्ये चंद्रावर चाललेल्या वाहनाच्या घडणीत बेकर यांचा सहभाग होता आणि त्याची तारेच्या जाळीची चाके ३२ इंच व्यासाची, पण ९ इंचच रुंद होती.

तरीही रुंदीला पर्याय नसलेली जमीन आहेच. आइसलँडमधील हिमनद्यांवर बर्फाचा भुसभुशीत थर इतका खोल असतो की त्याखालचा आधार चाकाच्या आवाक्याबाहेर राहतो. म्हणून तिथल्या चालकांनी १९८०नंतरच्या काळात ३८, पुढे ४४ इंच व्यासाचे व १५ इंचांहून अधिक रुंदीचे टायर बसवून त्यांतील दाब चौरस इंचाला ३ पौंडांपर्यंत खाली नेण्याची पद्धत विकसित केली. याउलट स्वीडनच्या हिवाळी रॅलीत मोटारींना खिळे लावलेले अतिशय अरुंद टायर असतात, कारण तिथे सैल बर्फाखाली गोठलेला कठीण रस्ता असतो आणि खिळ्यांना तिथवर पोहोचणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातही हेच दोन प्रकार शेजारी शेजारी आढळतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी माती पाण्याने फुगून चिकट होते आणि तिच्यात चाकाला लवकर तळ लागत नाही, त्यामुळे तिथे अरुंद चाक कापत गेले तर ते नुसतेच खाली जाते. कोकणातील जांभ्याच्या सड्यावर मात्र चिखलाचा थर पातळ आणि त्याखालचा खडक जवळ असल्याने अरुंद चाकाला अडचण येत नाही. साखर कारखान्यांच्या परिसरात ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांची लोखंडी धाव जाऊन हवेचा टायर आला, तेव्हा बैलांचा ओढीचा त्रास घटला आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्याही कमी झाल्या.

आडवाटेच्या ट्रकसाठी टायर निवडताना म्हणून पहिला प्रश्न टणक थर किती खोलीवर आहे हा ठरतो. तो चाकाच्या आवाक्यात असेल तर उंच आणि अरुंद टायर किफायतशीर पडतो, नसेल तर भार उतरवणे, दाब घटवणे आणि व्यास वाढवणे हे उपाय आधी येतात, आणि तो घटवलेला दाब टायरने सोसावा एवढ्यापुरती रुंदी लागते. त्याहून अधिक रुंदीची किंमत इंधनात, सुकाणूच्या जडपणात आणि ओल्या सडकेवर कमी होणाऱ्या पकडीत मोजावी लागते, आणि म्हणूनच डकपासून झिलपर्यंत लष्करी अभियंत्यांनी रुंदीत मध्यम राहून दाब चालकाच्या हाती देणे पसंत केले.