पडलेल्या घराची भरपाई : भिवंडीपासून मागे जाताना

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी नावाची तीन मजली इमारत कोसळली. माणसे झोपेत होती. किमान ३८ जण दगावले. इमारत १९८४ सालची, म्हणजे अवघी ३६ वर्षांची. मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला, सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका चालवली. त्या याचिकेचा सविस्तर निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला.

या प्रकरणाविषयी वाचताना मी एका साध्या प्रश्नापाशी अडलो. जाहीर झालेले पैसे गेलेल्या माणसांसाठी होते. घराचे काय? आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या खोलीचे बांधकामच कच्चे निघाले, तर ती पुंजी कोणाकडे मागायची? सरकार देते ते साहाय्य. ते दयेपोटी मिळते आणि त्याचा आकडा देणारा ठरवतो. भरपाई हा हक्क असतो आणि तिचा आकडा नुकसान ठरवते. या दोहोंतला फरक कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बरेच मागे जायचे तर हम्मुराबीपर्यंत. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाबिलोनी संहितेत घर बांधणाऱ्यासाठी स्वतंत्र कलमे आहेत. घर कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहान्त. आपल्याला हीच शिक्षा आठवते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे कलम : सामान नष्ट झाले तर ते भरून द्यायचे आणि घर स्वखर्चाने पुन्हा उभारायचे. शिक्षा वेगळी आणि भरपाई वेगळी, हा विवेक तिथे होता. आपल्याकडे इमारत पडली की अटकेची बातमी होते, भरपाईची क्वचितच.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर हा विषय राज्याइतकाच जुना आहे. १ मे १९६० ला राज्य जन्मले आणि २० मे रोजी सरकारने फ्लॅटविक्रीतल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. सगळे त्याला ‘मोफा’ म्हणतात. बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांत दाखवून दिला, तर बांधणाऱ्याने तो फुकट दुरुस्त करावा आणि ते शक्य नसेल तर वाजवी भरपाई द्यावी, असे त्यात आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा घरबांधणी ही ‘सेवा’ आहे का, असा वाद निघाला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात त्याचे उत्तर होकारार्थी दिले आणि त्याच वर्षी कायद्यातही तसा उल्लेख झाला. पुढे २०१६ चा रेरा आला. त्याने दोषाची मुदत पाच वर्षे केली आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करण्याची सोय दिली.

आता हे गज घेऊन जिलानीची इमारत मोजू. मोफाची मुदत तीन वर्षे, रेराची पाच, ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन. इमारत पडली छत्तिसाव्या वर्षी. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे पुष्कळ काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले, त्याबरोबर माणसे आली आणि त्यांच्यासाठी घाईघाईने घरे उभी राहिली. त्या पिढीतले बांधकाम आज चाळिशीत आहे. दोष पहिल्या दिवसाचा, पण तो दिसतो मुदत संपून काही दशके लोटल्यावर. मृतांच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दावा लावता येतो, मात्र तोही माणसाच्या जिवापुरता. भिंतींचा त्यात विचार नाही.

दुसरी अडचण परवान्याची. महाराष्ट्रात वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, स्ट्रक्चरल इंजिनीअरला पालिकेचा परवाना लागतो, विकासकाला रेराची नोंदणी लागते. पण प्रत्यक्ष घर बांधणाऱ्या खासगी ठेकेदारासाठी डॉक्टर किंवा वकिलासारखी सक्तीची नोंदणी नाही. कालचा सेंट्रिंगवाला आज ठेकेदार होतो. रेराची नोंदणीही सगळ्यांना लागू नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा घरे आठांपेक्षा जास्त नसतील, तर तिची गरज नाही. भिवंडीच्या गल्ल्यांतल्या आणि भोवतालच्या गावांतल्या लहान इमारती या फटीतून सहज निसटतात.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९२९ मध्येच ठेकेदारांना परवाना सक्तीचा केला. तिथे विनापरवाना ठेकेदाराने काम कितीही चांगले केले असले, तरी त्याला मजुरीसाठी कोर्टात दावा करता येत नाही. एवढेच नव्हे, या शतकाच्या सुरुवातीपासून घरमालकाला त्याला दिलेले सगळे पैसे परत मागता येतात. दोष सिद्ध करायची गरज नाही, परवाना नव्हता एवढेच पुरे. आपल्याकडे सिद्ध करण्याचा सारा भार ज्याचे घर गेले त्याच्यावर असतो.

नुसत्या नोंदणीनेही भागत नाही, हे शेजारच्या कल्याण-डोंबिवलीने दाखवले. तिथे ६५ इमारतींना पालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा क्रमांक मिळाल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. खरेदीदारांनी कायद्याने सांगितलेला क्रमांक पाहूनच पैसे भरले होते. बेकायदा इमारत वाचवता येणार नाही, खरेदीदाराने आपला दावा बांधणाऱ्याविरुद्ध लावावा, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका २०१३ च्या कॅम्पा कोला प्रकरणापासून स्पष्ट आहे. तत्त्व योग्यच आहे. पण कंपनी गुंडाळून गेलेल्या माणसाविरुद्धचा हुकूमनामा घेऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्या तत्त्वाचा उपयोग किती?

तरीही एक दार उघडे झाले आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भोगवटा प्रमाणपत्र न देणे हा एकदा घडून संपणारा दोष नाही, ती रोज चालू राहणारी चूक आहे. म्हणून मुदतही संपत नाही. शिवाय रहिवासी ग्राहक ठरतात आणि भरपाई मागू शकतात. वरवर हा निकाल जादा घरपट्टी आणि पाणीपट्टीपुरता होता. मला मात्र त्यात भिवंडीसारख्या गावासाठी मोठा आधार दिसतो. कमकुवत खांब दर दिवशी कमकुवतच असतो. तोही चालू राहणारा दोष मानला, तर तीन किंवा पाच वर्षांची भिंत आपोआप खाली येते. तसा कायदा अजून झालेला नाही.

एप्रिल २०२३ मध्ये भिवंडीतच वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली आणि आठ जण गेले. पुन्हा मदत जाहीर झाली, पुन्हा अटक झाली. दर खेपेला धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात आणि रहिवाशांना घर रिकामे करण्याच्या नोटिसा जातात. नोटीस हातात घेणाऱ्याचा प्रश्न एकच असतो : जाऊ कुठे आणि कशाच्या जोरावर? पागडीवर घेतलेली खोली, नोटरीचा कागद, घरपट्टीची पावती एवढाच त्याचा मालकीचा पुरावा असतो. धोका माहीत असूनही माणसे त्या छताखाली झोपतात ती बेफिकिरीने नव्हे. घर सोडले तर हातातला शेवटचा पुरावाही जातो, हे त्यांना ठाऊक असते. रिकाम्या केलेल्या घराचे मोल हक्काने मिळेल अशी खात्री कायद्याने दिली, तर नोटिशीचा मान राहील आणि इमारत पडण्याआधी माणसे बाहेर येतील.