सेबोऱ्हीक डर्मटायटिस

तेलकट त्वचेवर वारंवार उद्भवणारा, संसर्गजन्य नसलेला दीर्घकालीन त्वचाविकार. टाळू, भुवया, नाकाच्या कडांच्या घड्या, कानामागची जागा व छाती येथे लालसर चट्टे आणि पिवळट, चिकट खपल्या येतात. साधा कोंडा हे त्याचेच सौम्य रूप. उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने 1887 मध्ये त्याचे वर्णन केले. मॅलॅसेझिया ही यीस्टवर्गीय बुरशी सर्वांच्याच त्वचेवर असते. ती त्वचेतील तेलाचे विघटन करते आणि त्यातून सुटणाऱ्या मेदाम्लांनी काहींची त्वचा चिडते. त्यामुळे अस्वच्छतेचा ठपका अन्यायाचा आहे. थंडी व मानसिक ताण यांनी त्रास वाढतो. पार्किन्सन आणि एचआयव्ही रुग्णांत तो अधिक आढळतो.

विकार समूळ जात नाही, आटोक्यात राहतो. 2% केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, सुमारे 5 मिनिटे टाळूवर ठेवून धुतात. खपल्या गेल्यावरही आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा वापरतात. बहुतेकजण नेमके हेच सोडतात. कोंड्यावर तेल चोपडून रात्रभर ठेवण्याची घरगुती रीत बुरशीला खाद्यच पुरवते. दाह फार असल्यास सौम्य स्टेरॉइड मलम थोडे दिवस देतात. औषधविक्रेत्याकडून परस्पर आणलेल्या तीव्र स्टेरॉइडयुक्त मलमांनी चेहऱ्याची त्वचा पातळ होते. तान्ह्या बाळांच्या टाळूवरील खपल्या मात्र बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात.